पोस्तीन

दिवाळीच्या आधी आमच्या घरातल्या मैद्याला दोन वाटेकरी असत. एक करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा आणि दुसरा जिल्दवाला चाचा. डब्याचा वाटा आई परातीत घेई आणि चाचाचा वाटा वाटीने मोजून देई. तो देताना दर वर्षी एकच वाक्य म्हणे, "चाचा, एवढ्यात भागवा बरं, पोरांच्या तोंडचा आहे." चाचाचे उत्तरही ठरलेले होते, "मास्तरीणबाई, पोरांच्या तोंडचा नाय, पोरांच्या पुस्तकाचा हाय."

कोजागरी झाली की हा चाचा जालन्याहून मोटारीने घनसावंगीला येई. बरोबर एक पत्र्याची पेटी, एक लाकडी शिकंजा आणि पुठ्ठ्यांचा भारा. घनसावंगी तेव्हा अंबड तालुक्यात मोडत असे आणि जालना जिल्हा व्हायला पुढे १९८१ साल उजाडावे लागले. 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्या भागात पोरासोरांच्याही तोंडी असे. त्या पाळण्यातून सोने काही आमच्या गावापर्यंत गळत आले नाही. चाचा मात्र दर वर्षी न चुकता आला. लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्यांना लाल कापडाच्या नव्या वह्या लागत. त्या बांधून देणे हे त्याचे मुख्य काम. त्याचा मुक्काम मात्र आमच्या ओसरीवर असे, कारण माझे वडील शाळामास्तर होते आणि शाळेची फाटकी पुस्तके वर्षभर आमच्याच घरी साठत. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, सारे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेले. संध्याकाळी शाळेतून आले की ते चाचापाशी बसून तासभर उर्दूत बोलत. त्या तासात अण्णा मला दुसरेच कोणी वाटत. घरात जे कधी मोठ्याने हसत नसत ते ओसरीवर हसत.

मी चाचाचा मदतनीस. काम एकच, खळ ढवळणे. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर ठेवून एकाच दिशेने हात फिरवत राहायचे. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. उतरवल्यावर चाचा त्यात मोरचुदाची चिमूट टाकी. कसर आणि झुरळ हे दोघेही मैद्याचे आमच्याइतकेच लोभी; त्यांच्यासाठी हे औषध. मोरचूद पडण्याच्या आधी खळीचे एक बोट चाटून बघता येते, नंतर नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळले होते. चव विशेष काही नसते. पण चाटल्यावाचून राहवत नसे, हेही खरे.

पुस्तक कसे बांधतात हे ज्याने पाहिले नाही त्याला वाटते की पाने शिवली, वर पुठ्ठा चिकटवला, की झाले पुस्तक. तसे मुळीच नाही. पाने शिवून झाली, पाठीला सरस लागला, पुठ्ठे कापून त्यावर कापड ताणून झाले, तरी पुस्तक आणि पुठ्ठा अजून एकमेकांना परकेच असतात. त्यांची गाठ घालून देतो तो एक कोरा कागद. मधोमध दुमडायचा, त्याची घडी पहिल्या पानाला पाठीच्या बाजूने खळीच्या एका बारीक रेघेने धरवायची, मग एक अर्धा भाग पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला सबंध चिकटवायचा आणि दुसरा अर्धा तसाच मोकळा सोडायचा. शेवटच्या पानापाशीही तसेच. या कागदाला चाचा पोस्तीन म्हणे आणि मराठी बाइंडरही तेच म्हणतात. शब्द फारसी. पोस्त म्हणजे कातडे आणि पोस्तीन म्हणजे केस आतल्या बाजूला ठेवून शिवलेला कातड्याचा अंगरखा, थंड मुलखातला. कोणा जिल्दसाजाला पुस्तकाच्या आतल्या कागदाला अंगरखा म्हणावेसे वाटले, त्याला थंडी काय असते ते ठाऊक असले पाहिजे.

लहानपणी मात्र माझा घोटाळा होई. पाडव्याला बलुतेदार, निरोप्ये दिवाळीची पोस्त मागायला येत. चाचाही मजुरी घेऊन झाल्यावर पोस्त मागे. मला वाटे, पोस्तीन लावणाऱ्याला पोस्त मिळते, सरळ हिशेब आहे. मी तो हिशेब एकदा अण्णांना सांगितला. ते त्या दिवशी ओसरीवर नसतानाही हसले.

पोस्तिनीचे काम दिसत नाही. पुस्तक उघडले की सारा ताण पडतो तो पाठीजवळच्या सांध्यावर, आणि तो पोस्तीन घेते. बाहेरून पुठ्ठ्याला कापड ओढत असते. आतून चिकटवलेली पोस्तीन वाळताना आक्रसते आणि उलट बाजूने ओढते. दोघांची ओढ सारखी झाली तर पुठ्ठा सपाट राहतो, नाही तर पापडासारखा वळतो. (लग्नाला पन्नास वर्षे होत आल्यावर मी हे वाक्य लिहीत आहे, तेव्हा वाचकांनी काय तो अर्थ घ्यावा.) कसर येते ती खळीच्या वासाने, म्हणून ती आधी पोस्तीन खाते. पुठ्ठ्यात मुरलेली ओल आणि पिवळेपणा उतरतो तो आधी पोस्तिनीवर. आणि ही सारी झीज सोसून झाली की बाइंडर पहिले काम कोणते करतो? जुनी पोस्तीन खरवडून टाकून देतो. चाचा म्हणे, "बेटा, हिचं कामच मरायचं हाय. पुस्तक जगवायचं आन् मरायचं."

कागद कापण्याआधी तो त्याची एक पट्टी ओली करून तळहातावर ठेवी आणि ती कोणत्या अंगाने वळते ते पाही. गिरणीच्या कागदाला उभे-आडवे असते. त्याचे धागे एकाच दिशेने निजलेले असतात आणि ती दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवावी लागते. आडवी लागली तर पोस्तिनीला सुरकुत्या पडतात आणि पुस्तक कायमचे कुरकुरते. त्याच्या पेटीच्या तळाशी मात्र जाडसर, किंचित मातकट रंगाचे चार-सहा ताव गुंडाळून ठेवलेले असत. ते कागजीपुऱ्याचे. दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत हे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेला हलवली, तेव्हा तिच्याबरोबर कागद करणारे आले आणि तिथे स्थिरावले, अशी परंपरा सांगतात. दिल्लीहून ओढून आणलेल्या त्या राजधानीचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. कागद करणारे राहिले. हातकागदाचे धागे सगळीकडे सारखेच गुंतलेले असतात, त्याला उभे-आडवे जवळजवळ नसतेच. "ये शरीफ कागद हाय," चाचा म्हणे, "कसा बी ठेवा, रुसत नाय." पण हे ताव तो वह्यांना कधी वापरीत नसे. वह्यांना बदामी कागद, किंवा व्यापारी शौकीन असला तर लहरी-लहरींच्या रंगांची अबरी.

हे सारे आज आठवायचे कारण माझा भाचा. तो नोकरीनिमित्त हनोईला असतो. गेल्या वर्षी त्याने तिकडून एक पुस्तक आणले. मला त्याची लिपी वाचता येते पण भाषा कळत नाही, कारण व्हिएतनामी भाषा आज रोमन अक्षरांवर नाना खुणा देऊन लिहितात. मजकुराचा उपयोग नसल्याने मी सवयीने बांधणी पाहिली आणि त्याला विचारले, "या कोऱ्या पानाला तिकडे काय म्हणतात रे?" मामाच्या विक्षिप्तपणाची त्याला सवय आहे. परत गेल्यावर त्याने चौकशी करून कळवले, 'तऽ गाक'. तऽ म्हणजे कागदाचा ताव आणि गाक म्हणजे पहारा. हा गाक व्हिएतनामला मिळाला फ्रेंचांकडून. फ्रेंच बाइंडर या पानाला गार्द म्हणतो, म्हणजे पहारेकरी. तोच शब्द इंग्रजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि त्याची गारद झाली. कचेरीच्या दारातली गारद आणि हनोईतल्या पुस्तकातले कोरे पान हे असे सख्खे भाऊ निघाले. आपण एखादा संपला म्हणजे 'गारद झाला' म्हणतो तो शब्द निराळा, त्याचे घराणे वेगळे. पण पोस्तिनीच्या बाबतीत दोन्ही लागू पडतात.

व्हिएतनामात फ्रेंच येण्याआधीची पुस्तके दोऱ्याने शिवलेली, मऊ आवरणाची असत. झाडाच्या सालीचा कागद घेऊन आवरणासाठी त्यावर एका फळाचा तुरट रस चढवीत. आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातले ते फळ. ओल आणि किडा दोघांनाही त्या रसाचे वावडे. टेंभुर्णीची फळे आमच्या शिवारातही होती. आम्ही ती खात असू आणि तोंडाला मिठी बसली की पाण्याकडे धावत असू. त्या मिठीने पुस्तक वाचते हे आम्हांला कोणी सांगितले नाही.

आणि आपण? आपल्या पोथीला पोस्तीन नसते, कारण पोथीला पाठच नसते. सुटी पाने, खाली-वर लाकडी फळ्या आणि भोवती बासन. पण पहारा तिथेही आहे. जुनी पोथी उघडून पाहा, पहिल्या पानाची वरची बाजू बहुधा कोरी सोडलेली असते आणि मजकूर सुरू होतो तो पान उलटल्यावर. धूळ, घाम, तेलाचे बोट जे काय लागायचे ते त्या कोऱ्या बाजूला.

या विषयावर आमच्या तालुक्याला बोलायचा थोडा अधिकार आहे असे मी समजतो. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांबेला झाला, आणि जांब आज घनसावंगी तालुक्यातच आहे. दासबोधाचा एकोणिसावा दशक काढावा. त्याचा पहिला समास ब्रह्मावर नाही, मायेवर नाही. लिहावे कसे यावर आहे. अक्षर वाटोळे, सुटे, ग्रंथभर एका हातचे वाटावे असे असावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी तेच वाचता येत नाही (हा उपदेश मला चाळीस वर्षे उशिरा पटला). आणि मग समर्थ सांगतात की कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी आणि मजकूर मधोमध लिहावा, म्हणजे कडा झिजून गळाल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. समासाच्या शेवटी पुस्तक सांभाळण्याचे साहित्य येते: गोफ, बासने, शेंदरी रंगाची मेणकापडे, पेट्या आणि कुलुपे. मोह सोडा म्हणून साऱ्या महाराष्ट्राला सांगणारा हा विरक्त पुरुष पुस्तकाला मात्र कुलूप लावायला सांगतो. समर्थांच्या हातचे म्हणून सांगितले जाणारे वाल्मीकी रामायण धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात आजही जपून ठेवलेले आहे.

आमच्या घरात दासबोधाची एकच प्रत होती. छापील, कापडी बांधणीची, अण्णांनी लग्नाआधी घेतलेली. पहाटे अंघोळ झाली की ते एक समास वाचीत. वर्षानुवर्षे रोज उघडून तिचा मागचा सांधा सुटला होता आणि शेवटची पोस्तीन पुठ्ठ्यापासून वरच्या कोपऱ्यात उचलली गेली होती. १९६२ च्या दिवाळीआधी, म्हणजे चीनच्या हल्ल्याचे ते साल, अण्णांनी ती प्रत चाचाच्या हाती दिली आणि शाळेला गेले.

दुपारची वेळ होती. आई आत चुलीपाशी करंज्या तळत होती. चाचाने ओल्या फडक्याने पुठ्ठा आतून भिजवला, हाडाची पट्टी सारली आणि पोस्तीन अख्खी सोडवली. टाकून द्यायला म्हणून उलटी केली, आणि थांबला. जी बाजू पुठ्ठ्याला चिकटलेली असते, जिच्याकडे कोणी कधी पाहत नाही, त्या बाजूला शिसपेन्सिलीने काही लिहिले होते. चाचाला उर्दू येई, मराठी बोलता येई, पण आपली अक्षरे वाचता येत नसत.

"बेटा, बघ तर. तुमच्या मराठीत काय लिव्हलंय."

मी दहा वर्षांचा, वाचनाचा गर्व चढलेला. मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चार ओळी होत्या. अक्षरे मोठी, एकेक सुटे, वर शिरोरेषा नाहीत. पहिल्या ओळीत माझ्या थोरल्या भावाचे नाव आणि एक तिथी. तिसऱ्या ओळीत माझे नाव आणि माझी तिथी. चौथीत धाकट्याचे. दुसऱ्या ओळीतले नाव मुलीचे होते आणि ते मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते. तिच्यापुढे तिथ्या दोन होत्या.

"आई," मी आत ओरडलो, "ही कोण? आणि हिला दोन वाढदिवस कसे काय?"

तळणीचा आवाज तेवढा येत राहिला. मग आई झारा हातात घेऊनच उंबऱ्यापर्यंत आली. चाचाच्या हातातला कागद तिने पाहिला.

"मी लिहिलंय ते," ती म्हणाली.

आईला लिहिता येते हे मला ठाऊक नव्हते. अण्णांनाही नव्हते. चाळीस-चाळीस पोरांना दिवसभर शिकवून घरी येणाऱ्या माणसाला घरात कोणी शिकायचे राहिले आहे हे सुचत नाही, आणि त्या काळी तर ते सुचण्याची रीतही नव्हती. मी पहिलीत असताना चुलीसमोर बसून पाटी गिरवी आणि आई चुलीच्या पलीकडून पाही, हे मला पुढे उमगले. तिने बाराखडी उलटी पाहून शिकून घेतली होती. म्हणूनच जन्मभर समोरच्याच्या हातातले पुस्तक ती तिच्या बाजूने, उलटे, सरळ वाचू शके. मी वाचताना चुकलो की भाकरी थापता थापता ती "हंऽ" करी, आणि मला वाटे, ऐकून ऐकून पाठ झाले असेल.

"तुझी बहीण," ती मला म्हणाली, "तुझ्याआधीची. दीड वर्षाची होऊन गेली." आणि मग, "करंज्या लाल होतील," म्हणून आत गेली.

चाचाने बराच वेळ काही केले नाही. फडके पिळले, पुन्हा भिजवले, पुन्हा पिळले. शेवटी दाराकडे न पाहता त्याने विचारले, "मास्तरीणबाई, हे पान काय करू? ठेवू वर?"

"वर नको," आतून आवाज आला. "होतं तसंच चिकटवा."

"तसं चिकटवलं तर परत कोनाला दिसायचं नाय."

"चालेल."

माणसाच्या हाती काम असले की त्याला न बोलता पुष्कळ बोलता येते. चाचाने 'बरं' म्हटले आणि पेटीच्या तळातून कागजीपुऱ्याचा एक ताव काढला. जुने पान त्याने पुठ्ठ्यावर पूर्वीसारखेच, अक्षरे आत, पुठ्ठ्याकडे तोंड करून ठेवले. पण सबंध पानाला खळ लावली नाही. चारी कडांना करंगळीएवढी बारीक पट्टी लावली आणि मधला भाग कोरडा सोडला. त्याच्यावर हातकागदाची नवी पोस्तीन, तीही फक्त कडांना खळ लावून. मग पुस्तक शिकंज्यात घालून दांडा आवळला. माझा कान धरून जवळ ओढले आणि हळू आवाजात सांगितले, "बीच में सूखा हाय. कधी बघायचं झालं तर सुरी गरम करून कड सोडव. फाडू नको. आन् आता कोनाला सांगू नको."

मी कोणाला सांगितले नाही. पहाऱ्यावरच्या पानालाच पहारा बसवलेला मी पाहिला होता. दहाव्या वर्षी त्यातले किती कळते? मला मुख्य कुतूहल होते ते नवी पोस्तीन मास्तरांच्या लक्षात येते की काय याचे. अण्णा संध्याकाळी आले, पुस्तक उघडले-मिटले, सांधा पाहिला, कागदावर बोट फिरवले आणि "वा!" म्हणाले. चाचाने त्या पुस्तकाचे पैसे घेतले नाहीत. पाडव्याला पोस्तही मागितली नाही. आईनेच ती त्याच्या हातावर ठेवली आणि वर करंज्यांचा पुडा दिला. त्यानंतर तो तीन-चार वर्षे आला. मग एका कोजागरीनंतर आला नाही. तोवर व्यापाऱ्यांना बाजारात तयार वह्या मिळू लागल्या होत्या.

अण्णा १९८९ साली गेले. शेवटपर्यंत रोज एक समास चालू होता. आई २००३ मध्ये गेली. तिला पुढे आम्ही सर्वांनी लिहिता-वाचताना पाहिले. नातवंडांना ती पत्रे लिही. ती केव्हा शिकली असे कोणी विचारले की म्हणे, "कधीतरी." त्या मुलीचा विषय मात्र तिने कधी काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. तिचे नाव मी इथेही लिहीत नाही. ते जिथे लिहिले आहे तिथेच राहू द्यावे.

आईचे दिवस झाल्यावर दासबोध माझ्याकडे आला. एका रात्री सारे निजल्यावर मी सुरी गरम केली. वरची पोस्तीन सावकाश सुटली. खालच्या पानाच्या तीन कडांना चाचाची खळ होती, चाळीस वर्षांनी पिवळी पडलेली, ठिसूळ. चौथ्या कडेला खळ नव्हती. तिथे डिंक होता. तपकिरी, चकाकणारा, थोडा कडेबाहेर ओघळून वाळलेला. असा डिंक आमच्या घरात एकाच ठिकाणी असे: अण्णांच्या टेबलावर, शाळेच्या कामाच्या बाटलीत. वरच्या पोस्तिनीची तीच कड पुन्हा पाहिली. तिथेही डिंकच.

म्हणजे माझ्याआधी कोणीतरी ती कड उघडली होती आणि जमेल तशी पुन्हा मिटवली होती.

पान उलटले. त्याच चार ओळी, शिसपेन्सिलीच्या. समर्थांचा समास न वाचताच आईने चहूबाजूंनी जागा सोडून मधोमध लिहिले होते; कडा तुटल्या तरी अक्षर शाबूत होते. आणि दुसऱ्या ओळीत, मुलीच्या नावात, आईने काढलेली वेलांटी ऱ्हस्व होती. ती लाल शाईने दीर्घ केलेली होती.

बाकी काही नव्हते. ना तारीख, ना सही, ना एखादा शब्द. फक्त ती एक वेलांटी, शाळेच्या वह्या तपासायच्या लाल शाईने, अण्णांच्या त्या सवयीच्या झोकदार वळणाची. त्यांनी ते पान केव्हा पाहिले, आईला सांगितले की नाही, तिने त्यांना कड मिटवताना पाहिले की काय, हे विचारायला आता कोणी नाही. चाचा अण्णांशी उर्दूत काय काय बोले, तेही मला कधी समजले नाही. मी त्या रात्री पान पुन्हा तसेच ठेवले आणि कडांना नुसते दडपण दिले.

यंदा त्या पुस्तकाचा पुढचा सांधाही सुटला. मी आता छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आमच्या वेळच्या औरंगाबादेत राहतो. इथल्या एका बाइंडरकडे प्रत घेऊन गेलो. मुलगा तरुण, हात चांगला. त्याने आतली पाने चाळली आणि म्हणाला, "काका, पोस्तीन नवीन टाकून देतो, चकाचक." मी म्हटले, जुनी राहू दे, तिच्या फक्त कडा चिकटव, मधे कोरडी ठेव, आणि वरून नवी घाल. त्याने माझ्याकडे नीट पाहिले. अशी गिऱ्हाइके त्याला अधूनमधून भेटत असावीत. "कडा चिकटवतो," तो म्हणाला, "पण फेव्हिकॉलने चिकटवली की परत सुटायची नाही. कागद फाटेल. खळ आता कोण करतो?"

म्हणून खळ मी करून नेतो असे सांगून आलो. कागजीपुऱ्याला जाऊन दोन ताव आणले. कागद तिथे अजून होतो. मोरचूद किराणा दुकानात मिळाले नाही, शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळाले. राहिला मैदा. दिवाळीचे दिवस, सूनबाई परात मांडून बसलेली. मी वाटी पुढे केली. तिने वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मोजून चार चमचे घातले.

"एवढ्यात भागवा हं, बाबा. चिरोटे व्हायचेत अजून."

नात गॅसपाशी उभी आहे, हातात पळी. तिला सांगितले आहे की एकाच दिशेने ढवळ, काचेसारखी झाक आली की हाक मार. मोरचुदाची पुडी मी उंचावर ठेवली आहे. मघाशी मी पाठ फिरवली तेव्हा तिने एक बोट चाटून पाहिले. मी पाहिले नाही असे दाखवले.